सेल बायोलॉजिस्टचं रिसर्च करिअर आणि सायटेशन कसे वाचायचे

समजा तुम्हाला पीएचडीसाठी गाईड शोधायचाय, किंवा पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, कुठल्या लॅबमध्ये जावं ते ठरवायचंय, किंवा डिपार्टमेंटला कोणी लेक्चर द्यायला येणारे आणि त्यांची ओळख करून द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. नाव टाकलं, गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडलं, बाजूला तीन आकडे दिसले, एकूण सायटेशन (म्हणजे दुसऱ्या पेपरांनी यांच्या पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला), एच-इंडेक्स (तो पुढे काढून दाखवलाय) आणि आय-टेन इंडेक्स (दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती), आणि बहुतेक जण तिथेच "अरे वा" नाहीतर "ठीके" म्हणून टॅब बंद करतात. मीही तेच केलं होतं. पीएचडीला अर्ज करताना एक्सेल शीट बनवली, तीस-एक लॅबची नावं आणि शेजारी एकूण सायटेशन, मोठ्यापासून लहानापर्यंत सॉर्ट केलं आणि वरच्या आठ जणांना मेल टाकले. एका ठिकाणी इंटरव्ह्यूपर्यंत पोचले तेव्हा कळलं की त्या आकड्यातला अर्ध्याहून जास्त भाग पंधरा वर्षांपूर्वीच्या एकाच स्टेनिंग प्रोटोकॉलचा, म्हणजे पेशी रंगवायच्या कृतीचा आहे, आणि लॅबमध्ये आता चाललेलं काम पूर्ण वेगळं, ज्यात मला रसच नव्हता. ते लोक चांगलेच होते, त्यांचा पेपरही उपयोगाचा होता, मीच आकडा बघितला आणि पेपर बघितले नाहीत. तेव्हापासून मी ज्या पद्धतीने बघते ती इथे लिहितेय, एका माणसाला साधारण दोन-तीन तास लागतात आणि ते देण्यासारखे असतात, कारण त्या लॅबमध्ये तुमची पुढची पाच वर्षं जाणारेत.

सगळ्यात आधी माणूस तोच आहे ना ते बघा. हे ऐकायला फालतू वाटतं पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सारख्या आडनावाचे, सारख्या इनिशिअल्सचे शेकडो लोक असतात, कोणी लग्नानंतर नाव बदललेलं असतं, कोणी एका पेपरवर मधलं नाव लिहितं आणि दुसऱ्यावर नाही. गूगल स्कॉलर पेपर आपोआप प्रोफाइलमध्ये घालत जातं, आणि त्या माणसाने स्वतः साफसफाई केली नसेल तर दुसऱ्याच कोणाचे मातीच्या किंवा सिमेंटच्या विषयावरचे पेपर सेल बायोलॉजिस्टच्या नावावर दिसतात. ऑर्किड आयडी असेल तर तो धरा, २०१२ पासून हा सोळा आकडी नंबर मिळतोय आणि आता बरेच जर्नल तो मागतातच. नसेल तर पबमेडवर, म्हणजे जीवशास्त्र-वैद्यकातल्या पेपरांच्या ऑनलाइन यादीवर, जाऊन पेपरखाली लिहिलेली संस्था आणि सहलेखक जुळवून बघा.

दुसरं म्हणजे आकडा कुठला घेताय ते लिहून ठेवा. वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर तिघांचे आकडे वेगवेगळे येणार, कारण तिघं वेगवेगळी कागदपत्रं मोजतात. स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर), पुस्तकातले धडे सगळं धरतं म्हणून त्याचा आकडा सहसा सगळ्यात मोठा असतो. यात खरा-खोटा असं काही नाही, फक्त एकाचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका, आणि तारीख टाका, कारण महिन्याभरात तो बदललेला असतो.

आता मुख्य काम. पेपरची यादी सायटेशनप्रमाणे लावलेली असते, ती वर्षाप्रमाणे लावून घ्या आणि जमलं तर प्रिंट काढा. सेल बायोलॉजीत नावांच्या क्रमाला अर्थ असतो, पहिलं नाव म्हणजे ज्याने बेंचवर उभं राहून काम केलं तो आणि शेवटचं नाव म्हणजे बहुतेक वेळा ज्याची लॅब, ज्याचा पैसा आणि ज्याच्या डोक्यातून तो प्रश्न आलेला. मधली नावं म्हणजे कोणी अँटिबॉडी दिली, कोणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करून दिली, कोणी स्टॅटिस्टिक्स बघितलं. स्टार असेल तर दोघांचं योगदान सारखं, हे खाली बारीक अक्षरात असतं ते वाचायला विसरू नका. तर प्रत्येक पेपरपुढे पेनाने प, म किंवा श असं लिहा, पहिला, मधला, शेवटचा. दहा मिनिटांत करिअरचा आकार दिसायला लागतो. सुरुवातीला प-प-म, मग पोस्टडॉकचे एक-दोन मोठे प, मग एक रिकामी जागा, आणि मग श-श-श.

ती रिकामी जागा बघून घाबरू नका. नवीन लॅब उभी राहते तेव्हा दोन-चार वर्षं काहीच बाहेर येत नाही असं अगदी नेहमी होतं, मायक्रोस्कोप यायचा असतो, विद्यार्थी शिकायचे असतात, नॉकआउट, म्हणजे एखादा जीन बंद केलेल्या, उंदरांच्या पिढ्या वाढवायच्या असतात, आणि मूल झालं, आजारपण आलं, देश बदलला, हे सगळं त्याच वयात असतं. मी उलट त्या गॅपनंतरचे पहिले दोन श पेपर सगळ्यात नीट वाचते, कारण या माणसाने पोस्टडॉकच्या बॉसचाच प्रश्न पुढे ओढलाय की स्वतःचा काहीतरी प्रश्न शोधलाय हे तिथे दिसतं.

हे नीट समजायला योशिनोरी ओसुमींचं करिअर बघा. १९८८ साली टोकियो विद्यापीठात त्यांची स्वतःची लहानशी लॅब सुरू झाली, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांना यीस्टच्या पेशीतल्या व्हॅक्युओलमध्ये रस होता, म्हणजे पेशीची जिथे मोडतोड होते ती पिशवी, ज्याकडे तेव्हा फार कोणी बघत नव्हतं. त्यांनी काय केलं, तर व्हॅक्युओलमधले प्रथिनं तोडणारे एन्झाइमच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. कल्पना साधी, तोडणारंच कोणी नसेल तर जे आत येतं ते साचेल आणि दिसेल. काही तासांत साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली व्हॅक्युओलमध्ये बारीक बारीक गोळे थरथरताना दिसायला लागले. ते १९९२ मध्ये जर्नल ऑफ सेल बायोलॉजीत आलं, मग त्यांनी हजारो म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेले यीस्ट, तपासून ज्यांच्यात हे गोळे साचत नाहीत असे शोधले आणि १९९३ मध्ये त्यातले १५ म्युटंट फेब्स लेटर्समध्ये छापले. पेशी स्वतःचेच भाग मोडून पुन्हा वापरते त्याला ऑटोफॅजी म्हणतात, २०१६ ला त्यासाठी त्यांना एकट्यांना मेडिसिनचं नोबेल मिळालं. आता विचार करा, १९९५ मध्ये कोणी माझ्यासारखी शीट बनवून सॉर्ट केली असती तर हे नाव कुठे आलं असतं? त्या विषयावर लिहिणारेच तेव्हा मोजके होते, मग सायट करणार कोण. पुढे तेच जीन माणसाच्या पेशींत सापडले, कॅन्सर, इन्फेक्शन आणि मेंदूच्या आजारांशी संबंध दिसायला लागला, हजारो लोक या विषयात आले आणि जुन्या पेपरांचे आकडे चढायला लागले. म्हणजे सायटेशन हे पेपरच्या दर्जाबरोबरच त्या विषयात किती माणसं आहेत त्यावर चालतात. उलट बाजूला शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञाचा २००६ चा उंदराच्या साध्या पेशींना स्टेम सेल (जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात ती) बनवणारा पेपर, तो आल्याआल्या जगभरच्या लॅब त्यावर तुटून पडल्या आणि सहा वर्षांत, २०१२ ला, नोबेल. दोन्ही मोठीच कामं, पण सायटेशनच्या ग्राफचा आकार एकसारखा असायची अपेक्षा ठेवता येत नाही.

ऑटोफॅजीवरूनच एक कामाची गोष्ट, जीनची नावं बदलतात. ओसुमींच्या १९९३ च्या पेपरात एपीजी आहे, दुसऱ्या लॅबने त्याच जीनना वेगळी नावं दिलेली, २००३ मध्ये सगळ्यांनी मिळून एटीजी हे एकच नाव ठरवलं. नवीन नावाने सर्च केलं तर जुने पेपर निसटतात. कोणाचंही वीस-तीस वर्षांचं काम बघताना आधी त्या प्रोटीनची जुनी नावं काढा.

आता एच-इंडेक्स, तो एकदा हाताने काढून बघाच, मग त्याची भीती जाते. होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये हा आकडा सुचवला. समजा एखाद्याचे नऊ पेपर आहेत आणि सायटेशन आहेत २१०, ९५, ६०, ३४, १२, ९, ८, ३, १. उतरत्या क्रमाने लावलेतच, आता शेजारी १, २, ३ असे नंबर घाला. सातव्या पेपरला ८ सायटेशन, म्हणजे सात किंवा जास्त, चाललं. आठव्याला ३, आठपेक्षा कमी, थांबा. एच-इंडेक्स ७. आता त्या पहिल्या पेपरचे २१० खोडून २१०० करा. एच-इंडेक्स किती? तरी ७. म्हणजे एका पेपरने अख्खं क्षेत्र हलवलं तरी या आकड्याला पत्ता लागत नाही, आणि दुसरीकडे माणूस काही न करता बसला तरी जुन्या पेपरांवर तो वाढत राहतो, खाली कधीच येत नाही. म्हणून ६० वर्षांच्या प्रोफेसरचा आणि ३४ वर्षांच्या नवीन पीआयचा, म्हणजे लॅबप्रमुखाचा, एच-इंडेक्स शेजारी ठेवून काहीही कळत नाही. पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्याने भागलं तर थोडं बरं चित्र येतं, पण थोडंच.

त्यापेक्षा खूप जास्त कळतं ते वरचे दहा पेपर कुठल्या जातीचे आहेत ते बघून, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. मेथडचे पेपर वेगळे ठेवा. जीवशास्त्रातले सगळ्यात जास्त सायट झालेले पेपर हे शोधांचे नाहीतच, मोजमापाच्या पद्धतींचे आहेत. नेचरने २०१४ ला सगळ्या विज्ञानातल्या सर्वाधिक सायट झालेल्या शंभर पेपरांची यादी केली तेव्हा पहिला होता लोरींचा १९५१ चा प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन, दुसरा लेम्लींचा १९७० चा आणि तिसरा ब्रॅडफर्डचा १९७६ चा, तोही प्रोटीन मोजायचाच. लेम्लींचा पेपर उघडून बघा, खरंच बघा, तो आहे टी-फोर नावाच्या विषाणूचं डोकं कसं जुळून येतं त्यावर. प्रोटीन वेगळी करायची ती जेल त्यात एक साधन म्हणून आलीये, आणि जगभर वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन ओळखायची पद्धत) करणाऱ्यांनी पेपर सायट केला तो त्या जेलसाठी, विषाणूचं किती जणांनी वाचलं असेल देव जाणे. मेथडच्या सायटेशनला मी कमी लेखत नाही, उलट दुसऱ्याचं काम सोपं करणं ही मोठी सेवा आहे, पण "या माणसाच्या शोधाचा एवढा प्रभाव" असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांचा आढावा घेणारे लेख, वेगळे काढा. रिव्ह्यूला सायटेशन जास्त पडतात कारण इंट्रोमध्ये दहा मूळ पेपर देण्याऐवजी लोक एक रिव्ह्यू देऊन मोकळे होतात. हॅनाहान आणि वाइनबर्ग यांचा कॅन्सरच्या पेशींच्या खास गुणधर्मांवरचा २००० चा रिव्ह्यू आणि २०११ ची त्याची पुढची आवृत्ती प्रचंड सायट होतात, आणि त्याने लोकांची विचार करायची पद्धत बदलली हेही खरं, पण तसा रिव्ह्यू एखादाच, बाकीचे ढिगाने असतात. तिसरी जात म्हणजे गर्दीचे पेपर. ऑटोफॅजी कशी मोजावी याची मार्गदर्शक तत्त्वं अधूनमधून निघतात, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीवर दोन हजारांहून जास्त लेखक आहेत आणि सायटेशन हजारोंनी. ते पूर्ण आकडे त्या प्रत्येकाच्या प्रोफाइलवर दिसतात, ज्याने एक परिच्छेद तपासला त्याच्याही. हे तिन्ही बाजूला केल्यावर जे उरतं, म्हणजे स्वतःच्या लॅबचे, स्वतःच्या प्रश्नाचे मूळ पेपर, त्यातले वरचे पाच घ्या.

या पाचांपैकी निदान दोन पेपरांच्या "सायटेड बाय" मध्ये जा आणि वीस पेपर निवडा, दहा जुने आणि दहा गेल्या दोन-तीन वर्षांतले. प्रत्येकात ते सायटेशन नेमकं कुठल्या वाक्यात आलंय ते शोधा. समजा कोणीतरी दाखवलं की एक प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच्या विभाजनाला लागतं. एक पेपर म्हणेल "मायटोकॉन्ड्रियाचं विभाजन पेशीसाठी महत्त्वाचं आहे" आणि पुढे नऊ पेपरांची रांग, त्यात हा सातवा. हे हजेरी लावल्यासारखं, याने फार काही कळत नाही. दुसरा म्हणेल "पेशी पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे फिक्स केल्या", म्हणजे फक्त प्रोटोकॉल घेतला. तिसरा म्हणेल "अमुक लॅबने दाखवलं की हे प्रोटीन नसेल तर मायटोकॉन्ड्रिया लांबट होतात, म्हणून आम्ही न्यूरॉनमध्ये तेच केलं आणि तसंच दिसलं", इथे थांबा, हे सोनं आहे, कारण कोणीतरी यावर स्वतःचं काम उभं केलं आणि ते टिकलं. आणि चौथा म्हणेल "आमच्या हातात मात्र असा परिणाम दिसला नाही." हेही सायटेशनच, मोजणीत तेवढंच एक. वीसमध्ये हजेरीवाले किती आणि काम उभं करणारे किती, एवढं मोजलंत तरी कुठल्याही इंडेक्सपेक्षा जास्त कळेल. माझा अनुभव असा की वीसात चार जरी तिसऱ्या प्रकारचे निघाले तरी पेपर दमदार असतो. ते करणारे सगळे त्याच लॅबचे जुने विद्यार्थी तर नाहीत ना तेवढं बघा, स्कोपसमध्ये स्वतःचे सायटेशन वगळायची सोय आहे ती वापरा पण ती जुन्या विद्यार्थ्यांना पकडत नाही, ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

विरोधातल्या सायटेशनचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्टॅप सेल. जानेवारी २०१४ मध्ये नेचरमध्ये दोन पेपर आले की साध्या पेशींना आम्लात बुडवलं की त्या स्टेम सेलसारख्या होतात. लगेच जगभर लोकांनी करून बघितलं, कोणालाच जमेना, चित्रांमध्येही गडबड निघाली आणि जुलैमध्ये दोन्ही पेपर मागे घेतले गेले. त्या पेपरांना सायटेशन आहेतच, आणि "हे आम्हाला जमलं नाही" हे सांगणारेही त्यात मोजले जातात. म्हणून प्रत्येक मोठ्या पेपरला पबमेडवर रिट्रॅक्शन (पेपर मागे घेणं) किंवा करेक्शनची नोंद आहे का ते तपासा आणि पबपिअरवर, म्हणजे छापलेल्या पेपरांवर लोक शंका मांडतात त्या साइटवर, नाव टाकून बघा. सेल बायोलॉजीत पुरावा म्हणजे बहुतेक वेळा चित्र, ब्लॉट किंवा मायक्रोस्कोपचा फोटो, आणि एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर डोळ्याने तपासले तेव्हा ३.८ टक्के पेपरांत एकच चित्र पुन्हा वापरल्यासारख्या अडचणी दिसल्या. अशी प्रत्येक गोष्ट लबाडी नसते, फाइलची अदलाबदलही होते, तेव्हा लगेच कोणाला गुन्हेगार ठरवू नका, लॅबने उत्तर काय दिलं ते वाचा. चूक झाल्यावर स्वतःहून दुरुस्ती छापणारी लॅब माझ्या नजरेत वर जाते. सेल लाइनचंही, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींचंही बघा, भलत्याच नावाखाली हेला (एक खूप वापरली जाणारी कॅन्सरची सेल लाइन) पेशी वाढत असल्याची प्रकरणं बरीच आहेत आणि अशा चुकीच्या सेल लाइनची यादी ऑनलाइन फुकट मिळते.

जर्नलच्या नावाबद्दल थोडक्यात. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, माणसाचा नाही. २०२३ चा आकडा म्हणजे त्या जर्नलच्या २०२१ आणि २०२२ च्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेले सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या, सरासरी, आणि ती सरासरी थोड्या गाजलेल्या पेपरांनी वर ओढलेली असते. या आकड्यावर माणसांना तोलू नका असं सांगणारं डोरा नावाचं जाहीरनाम्यासारखं निवेदन डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या वार्षिक सभेतच ठरलं, म्हणजे ही ओरड आपल्याच विषयातून निघाली याचं मला फार बरं वाटतं. ओसुमींचे १५ म्युटंट फेब्स लेटर्समध्ये आले, कुठल्याही चकचकीत जर्नलमध्ये नाही. लिन मार्ग्युलिस यांचा मायटोकॉन्ड्रिया पूर्वी स्वतंत्र बॅक्टेरिया होते हे मांडणारा पेपर पंधराएक जर्नलनी परत पाठवल्यावर १९६७ मध्ये छापून आला. आकडाच हवा असेल तर एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या वेबसाइटवर जा, फुकट आहे, पेपरचे पबमेड नंबर टाका, तो त्या पेपरची त्याच विषयातल्या आणि त्याच वर्षाच्या पेपरांशी तुलना करून एक आकडा देतो, १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांमधला मधला. छोट्या विषयात काम करणाऱ्यावर त्यात कमी अन्याय होतो. अगदी नव्या पेपरांसाठी मात्र तो धरू नका.

आणि जे मोजलंच जात नाही तेही बघा. गॉल्जीचं नाव पेशीविज्ञानात रोज घेतलं जातं पण त्यांचा १८९८ चा पेपर आज क्वचितच कोणी सायट करतं, फार मोठ्या गोष्टी पाठ्यपुस्तकात विरघळतात. लॅबने प्लास्मिड (जीन पेशीत घालायचे डीएनएचे गोल तुकडे) ॲडजीनवर, म्हणजे ते इतर लॅबना पुरवणाऱ्या संस्थेत, ठेवलेत का, कोड उघडा ठेवलाय का, दुसऱ्यांच्या पेपरांत आभार मानताना यांचं नाव येतं का, "यीस्टचे स्ट्रेन दिल्याबद्दल" वगैरे. आणि तुम्ही लॅब निवडत असाल तर फर्स्ट ऑथरची नावं घेऊन ते आता कुठे आहेत ते शोधा, दोघा-तिघांना साधा मेल टाका, "मी तिथे अर्ज करतेय, पंधरा मिनिटं बोलता येईल का?" बहुतेक जण हो म्हणतात. मला जी लॅब शेवटी मिळाली ती अशाच एका फोनमुळे, सायटेशनच्या शीटमध्ये ती एकविसावी होती. फोनवरच्या मुलीने सांगितलं की तिचा प्रयोग दीड वर्षं चालत नव्हता तेव्हा पीआय दर शुक्रवारी तिच्या शेजारी मायक्रोस्कोपला बसायचे.

हे सगळं झालं की अर्धं पान लिहून काढा, आकड्यांनी सुरुवात करू नका. "यांचा मूळ प्रश्न हा, पोस्टडॉकमध्ये हे शोधलं, स्वतःच्या लॅबमध्ये तो प्रश्न असा वळवला, सगळ्यात जास्त सायट झालेला पेपर मेथडचा आहे, पण ज्या पेपरावर इतर लॅबनी काम उभं केलं तो हा, आणि अमुक निष्कर्षावर अजून वाद आहे." मग खाली एका ओळीत एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, कुठल्या डेटाबेसवरून आणि कुठल्या तारखेला. लेक्चरची ओळख करून देणार असाल तर ती शेवटची ओळ वाचूच नका, त्याऐवजी त्या पाच पेपरांतलं तुम्हाला सगळ्यात आवडलेलं एक चित्र स्लाइडवर लावा आणि त्यात काय दिसतंय ते सांगा.